कराचीतला तो मार्च आणि शैझा खान

१३ मार्च २००४. बी.एड.च्या पाठाची वही मिटून मी शेजारच्या खालांच्या घरी टीव्हीसमोर बसले होते. कराचीच्या नॅशनल स्टेडियमवर भारताने ३४९ धावा केल्या आणि पाकिस्तानचा डाव ३४४ वर थांबला. द्रविडच्या ९९, इंझमामच्या १२२ आणि नेहराचे शेवटचे षटक. आमच्या मोहल्ल्यात आजही हा सामना लोकांना तोंडपाठ आहे. भारत-पाक सामना म्हटला की आपल्याकडे बघणाऱ्यांकडेही बघणारे असतात, म्हणून फटाके जरा जास्तच वाजवले गेले होते, हेही आठवते. असो.

त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ मार्चला, त्याच मैदानावर दुसरा एक सामना सुरू झाला. पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजच्या महिला संघांमधली चार दिवसांची कसोटी. १६ तारखेला आम्ही पुन्हा टीव्हीपुढे होतो. रावळपिंडीत सचिनने १४१ केल्या आणि तरी भारत हरला. त्या वेळी कराचीत या कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. उर्दू पेपर मी रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत असे, पण या कसोटीबद्दल काही वाचल्याचे मला आठवत नाही. बातमी असेलही, माझी नजर गेली नसेल.

ती गेली थेट गेल्या वर्षी, आणि तीही एका विद्यार्थिनीमुळे. आठवीतली मुलगी, मधल्या सुट्टीत मुलांना लेगस्पिन टाकते. तिच्या घरून निरोप आला की आता खेळ पुरे. तिने मला विचारले, "आपा, आपल्यातली कुणी मोठी बोलर झाली आहे का?" मी नूशीन अल खादीरचे नाव सांगितले. भारताची ऑफस्पिनर, २००५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात खेळलेली, २०२३ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांची प्रशिक्षक. "पण लेगस्पिन?" तिचा पुढचा प्रश्न. उत्तर शोधता शोधता मी शैझा खानपाशी पोहोचले.

शैझा आणि शर्मीन या कराचीच्या दोघी बहिणी. वडिलांचा गालिच्यांचा व्यवसाय. मुली इंग्लंडमध्ये शिकल्या आणि तिथे क्रिकेट खेळल्या. शैझा लेगस्पिन टाकायची, धाकटी शर्मीन मध्यमगती. परत आल्यावर दोघींनी पाकिस्तानचा महिला संघ उभा करायचे ठरवले. पैसा आणि परदेशातले शिक्षण पाठीशी होते म्हणून हे जमले, हे मान्य केलेच पाहिजे. कराचीच्या एखाद्या गरीब वस्तीतल्या मुलीने असा बेत केला असता, तर तो घराच्या उंबऱ्यातच संपला असता.

पण पैशाने सगळे भागत नाही. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. बायकांनी चारचौघांत खेळणे धर्मात बसत नाही असे सांगितले गेले, आणि १९९७ मध्ये भारताविरुद्ध खेळायला सरकारने परवानगी दिली नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर नबी (स.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपल्या मदरशांत शिकवली जाते. ती अशा वेळी कुणालाच कशी आठवत नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.

अखेर वाट मोकळी झाली आणि २८ जानेवारी १९९७ रोजी हा संघ क्राइस्टचर्चला न्यूझीलंडविरुद्ध उतरला. शैझा कर्णधार. सामना हरले. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडने ५ बाद ४५५ धावा केल्या आणि या मुली ४७ धावांत बाद झाल्या. आठवडाभराने मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या ३९७ धावांना उत्तर देताना सगळ्या मिळून २३. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विश्वचषकासाठी त्या भारतात आल्या आणि आपल्या हैदराबादला ऑस्ट्रेलियापुढे २७ धावांत आटोपल्या. अकरा संघांत अकराव्या. हे आकडे मी मुद्दाम देते आहे. धमक्या झेलून खेळायला आलेल्या मुलींना मैदानावर असा मार पडत होता, आणि घरी "सांगितले होते ना" म्हणणारे टपून बसलेले असणारच. तरी संघ मोडला नाही. २००१ मध्ये कराचीत नेदरलंड्सला हरवून पहिला विजय मिळाला.

कसोट्या मात्र दोनच झाल्या होत्या, १९९८ मध्ये कोलंबोला आणि २००० मध्ये डब्लिनला. दोन्हींत पराभव. तिसरी म्हणजे ही कराचीची.

पाकिस्तानची फलंदाजी आधी आली. किरण बलूच आणि सोळा वर्षांची साजिदा शाह यांनी पहिल्या विकेटसाठी २४१ धावा जोडल्या. साजिदा ९८ वर बाद झाली, किरण २४२ वर. दोनच वर्षांपूर्वी मिताली राजने टॉंटनला केलेला २१४ धावांचा विक्रम त्या दिवशी मोडला, आणि महिला कसोटीत २४२ च्या पुढे अजून कुणी गेलेले नाही. शैझाने ७ बाद ४२६ वर डाव सोडला आणि मग चेंडू हातात घेतला.

लेगस्पिन ही सब्राची कला आहे. चेंडू मनगटातून सुटतो. टप्पा हातभर चुकला की चौकार जातो. अशा गोलंदाजावर कर्णधाराचा भरवसा असावा लागतो, नाहीतर दोन षटकांत ती सीमारेषेवर उभी केली जाते. इथे कर्णधार आणि गोलंदाज एकच होती. पहिल्या डावात तिने ५९ धावांत ७ बळी घेतले. वेस्ट इंडीज १४७ धावांत आटोपले आणि तिने त्यांना फॉलोऑन दिला. दुसऱ्या डावात पाहुण्या जिद्दीने खेळल्या. नदीन जॉर्जने ११८ केल्या, डाव ४४० पर्यंत गेला. शैझा टाकत राहिली. १६७ धावा गेल्या, ६ बळी मिळाले. याच सामन्यात तिची हॅटट्रिकही झाली. महिला कसोटीत त्याआधी फक्त ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सनची हॅटट्रिक होती, १९५८ मधली.

जिंकायला १६२ हव्या होत्या. पाकिस्तानच्या २ बाद ५८ झाल्या आणि वेळ संपली. सामना अनिर्णित. फॉलोऑन देऊन दमलेल्या गोलंदाजांना पुन्हा जुंपण्याऐवजी स्वतः फलंदाजी केली असती तर? मला वाटते तिथे कर्णधार चुकली. पण चार दिवसांचाच सामना होता, आणि मी चुलीजवळ बसून बोलते आहे.

सामन्यात २२६ धावांत १३ बळी. महिला कसोटीत एका सामन्यात इतके बळी आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत.

२००४ नंतर शैझा पाकिस्तानकडून खेळली नाही. पुढच्या वर्षी महिला क्रिकेट बोर्डाच्या ताब्यात गेले, सना मीरसारख्या खेळाडू पुढे आल्या आणि स्टेडियमचे दरवाजे उघडले. पण पाकिस्तानच्या महिला संघाने त्या मार्चनंतर एकही कसोटी खेळलेली नाही. म्हणजे त्यांच्या शेवटच्या कसोटीतली कर्णधार आणि सर्वाधिक बळी घेणारी गोलंदाज अजूनही तीच आहे. शर्मीन २०१८ मध्ये लाहोरला न्यूमोनियाने वारली. वय जेमतेम सेहेचाळीस.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिच्या अम्मीलाही शाळेत बोलावून सांगितले. अम्मी शांतपणे ऐकत होत्या, हो नाही काहीच म्हणाल्या नाहीत. मुलीने वहीत धावफलक उतरवून घेतला, दोन्ही डावांची बेरीज केली आणि मान वर करून म्हणाली, "आपा, मार पण बराच पडला की त्यांना."