चौक लिहिला सगळ्याजणींनी, मग बक्षीस कुणाचं?

आपल्या जव्हार-मोखाड्यात वारली लग्नघरात चौक कोण लिहितं? सवाशिणी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, बांबूची काडी आणि मधोमध पालघट देवी. तीन-चार जणी मिळून लिहितात, धवलेरी गाते. खाली नाव कुणाचंच नसतं. गरजच नव्हती, अख्ख्या पाड्याला माहीत असायचं.

नावाचा प्रश्न आला तो चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं तेव्हा. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणू भागात आले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाबाहेरचं जगणं कागदावर आणलं. त्यांना १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री मिळाली. मशेंचं मोठेपण वादातीतच आहे. पण पुरस्काराच्या कागदावर एकाच नावाला जागा असते. ज्या आयाबायांनी पिढ्यानपिढ्या चौक जपला, त्या कुठे लिहायच्या?

२०१४ ला वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावर. म्हणजे हक्क समाजाचा, एकट्याचा नाही. मोठी गोष्ट! पण मानांकन नाव राखतं, पैसे वाटून देत नाही.

वाटणी कशी करावी याचं एक उदाहरण पार वेगळ्या क्षेत्रातलं आहे. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापले संगणक जोडून 'गिम्प्स' प्रकल्पात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधतात. २००८ ला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संगणकावर सुमारे १ कोटी ३० लाख अंकी संख्या सापडली. बक्षीस होतं १ लाख डॉलर. संगणक एकाचा, पण शोध हजारोंचा. भांडण झालं नाही, कारण वाटणी आधीच लिहून जाहीर केलेली होती: निम्मे विद्यापीठाला, २५ हजार धर्मादाय कामाला, उरलेल्यातला बराचसा भाग आधीच्या शोधकर्त्यांना.

आता आपल्याकडे बघा. शाळेची नाहीतर सरकारी भिंत रंगवायला पोरी चार-चार दिवस उन्हात उभ्या राहतात. फलकावर नाव कुणाचं लागतं? तुम्हीच आठवा.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. पुढच्या वेळी काडी हातात घेण्याआधी कागद करा. कुणाकुणाची नावं लागणार, मानधन किती, बक्षीस आलं तर कसं वाटायचं. कामानंतर मागितलं की ते भांडण ठरतं. आधी लिहिलं की तो हक्क असतो.