शालेय शिक्षणात मानसशास्त्र : मापनाकडून मननाकडे



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता लहान आहे. अकरावी-बारावीच्या विषयांत मानसशास्त्र कसे येऊन बसले, एवढाच तो प्रश्न. बेळगाव भागात या दोन इयत्तांना हा विषय शिकवण्यात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला. त्या आधारावर मला असे म्हणावयाचे आहे की, आपल्या शाळांत मानसशास्त्र प्रथम आले ते मुलांना मोजण्यासाठी. मुलांनी स्वतः त्याचा अभ्यास करावा हा विचार पुष्कळ उशिरा आला, आणि तो अजून पुरता रुजलेला नाही.

1879 साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा स्थापन केली आणि तत्त्वज्ञानाच्या घरात वाढलेल्या या शास्त्राने आपला वेगळा संसार मांडला. भारतात कलकत्ता विद्यापीठात 1915 साली प्रयोगशाळा आणि 1916 साली स्वतंत्र विभाग सुरू झाला. हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त हे या कार्याचे अध्वर्यू होत.

शाळेशी या शास्त्राचा संबंध जडला तो मात्र बुद्धिमापनाच्या वाटेने. वर्गातील शिक्षण ज्यांना झेपत नाही अशी मुले ओळखावीत, या हेतूने आल्फ्रेद बिने व तेओदोर सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये आपली श्रेणी सिद्ध केली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी सुधारून घेतली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 साली प्रसिद्ध झाला. ही आवृत्ती 'मुंबई-कर्नाटक' या नावाने ओळखली जाते, म्हणजे तिच्या नावातच आपला मुलूख आहे. या कामाचे मोल केवळ भाषांतराचे नव्हे. पॅरिसच्या मुलाच्या ओळखीची नाणी, चित्रे आणि शब्द येथील मुलापुढे तसेच ठेवले, तर बुद्धीऐवजी परिचयच मोजला जातो. दोन भाषांच्या सीमेवर हे भान अधिकच आवश्यक होते. तरीही चाचणी घेणारा शिक्षक आणि ती देणारा विद्यार्थी ही मांडणी कायम राहिली. आपले काय मोजले जात आहे, हे त्या मुलास कळण्याची सोय त्या मांडणीत नव्हती.

ही मांडणी बदलण्याची दिशा मुदलियार आयोगाच्या 1953 च्या अहवालात दिसते. माध्यमिक शाळांसाठी सुचवलेल्या ऐच्छिक विषयांत 'मानसशास्त्र व तर्कशास्त्र यांची मूलतत्त्वे' हा विषय होता. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) सुचवलेला दहा अधिक दोन हा आकृतिबंध देशात रूढ झाला आणि त्या शेवटच्या दोन वर्षांत या विषयाला हक्काची जागा मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची 2006 व 2007 सालची अकरावी-बारावीची पुस्तके पाहावीत. बुद्धिमत्तेचे प्रकरण त्यांत आहेच; पण आता ते विद्यार्थ्याने वाचावयाचे, तपासावयाचे आहे.

तपासणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्मरणावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी निरर्थक शब्दावयव वापरले होते, कारण अर्थाचा आधार मिळाला की पाठांतर सोपे होते. वर्गात मी विद्यार्थ्यांनाच अशी यादी करावयास सांगत असे. एकदा मराठी मुलांनी निरर्थक म्हणून 'मीस' हा अवयव निवडला. एक कन्नड भाषिक विद्यार्थिनी हसून म्हणाली, "सर, आमच्याकडे 'मीसे' म्हणजे मिशी!" तिला तो अवयव विसरता येणे शक्यच नव्हते. स्मरणाचा नियम आणि चाचणीतील भाषेचा अडसर, दोन्ही धडे त्या वर्गाला एका शब्दात मिळाले. कामतांपुढील अडचण त्या मुलांना आता स्वतःच्या अनुभवाने कळली होती.

आज या विषयाची निवड अनेकदा 'गुण देणारा सोपा विषय' म्हणून होते. व्याख्या पाठ होतात आणि प्रयोगवही एकमेकांची पाहून भरली जाते. हे नुकसान मोठे आहे. सोळा-सतरा वर्षांचे मूल बोर्डाची परीक्षा, घरच्यांच्या अपेक्षा आणि स्वतःचे बदलते मन या तिन्हींना एकाच वेळी सामोरे जात असते. चिंता, ताण, नैराश्य हे शब्द त्याला नेमक्या अर्थाने, आणि आपल्या भाषेत, याच वयात मिळाले पाहिजेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला. पण आपल्याला मदत हवी आहे हे ओळखून ती मागण्यास शब्द लागतात. पाठ्यपुस्तक वैद्याची जागा घेऊ शकत नाही, परंतु वैद्याकडे जाण्याची लाज ते खचित कमी करू शकते.

ज्यांचे शिक्षण बारावीलाच थांबते, त्यांना हा विषय वर्गात पुन्हा भेटत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, शाळेला देणगी देताना भिंती आणि फरशांबरोबर एका लहानशा मानसशास्त्र प्रयोगशाळेचा व प्रशिक्षित समुपदेशकाचाही विचार व्हावा. या शाळेने पिढ्यान्‌पिढ्या मुलांची परीक्षा घेतली. आता त्यांना स्वतःचे मन वाचावयास शिकवणे, हेही तिचेच काम आहे.