अ‍ॅनिमेशनपटांचा श्रेष्ठताक्रम : निकष, उपलब्धता आणि रसिकमत यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सर्वश्रेष्ठ अ‍ॅनिमेशनपट कोणता, हा प्रश्न रसिकांच्या बैठकीत निघाला की वाद अटळ असतो. कोणी ‘स्नो व्हाइट’चे नाव घेतो, कोणी ‘फँटेशिया’साठी हट्ट धरतो, तर एखादा जाणकार या दोहोंना बाजूला सारून रशियन किंवा जपानी कलावंताचा दाखला देतो. असे वाद वरकरणी केवळ आवडीनिवडीचे वाटतात. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याच वादांना छापील क्रमवाऱ्यांचे रूप मिळाले. पुढे अभ्यासक्रम, चित्रपट महोत्सव, जतनसंस्था आणि वितरक या सर्वांनी त्यांचा आधार घेतला. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने या याद्यांकडे निकाल म्हणून न पाहता साधन म्हणून पाहावे, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे. यादीतील पहिले नाव त्या चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी जेवढे सांगते, त्यापेक्षा अधिक ते मत देणाऱ्याला काय पाहावयास मिळाले होते आणि यादीच्या नियमाने काय आधीच वगळले होते, याविषयी सांगते.

पुनःप्रदर्शन आणि ‘अभिजात’ पदवी

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा वॉल्ट डिस्ने यांचा चित्रपट 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविला गेला. हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट होय, असे विधान आजही पुष्कळदा वाचावयास मिळते. ते खरे नाही. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी 1917 मध्येच ‘एल अपोस्तोल’ हा दीर्घपट केला होता. जर्मनीत लोटे रायनिगर यांचा छायाकृतींचा ‘प्रिन्स अहमदची साहसे’ 1926 मध्ये प्रदर्शित झाला. यांपैकी पहिला आज उपलब्ध नाही. दुसऱ्याची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली असली तरी इतरत्र उरलेल्या प्रतींवरून 1998-99 च्या सुमारास त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले. नष्ट झालेल्या चित्रपटाला मत देता येत नाही, ही गोष्ट इतकी उघड आहे की क्रमवारीच्या चर्चेत तिचा उल्लेखही होत नाही. क्रिस्तियानी यांचे नाव श्रेष्ठतेच्या कोणत्याही वादात न येण्याचे कारण त्यांची कला नसून पहिल्या महायुद्धाच्या काळातील फिल्मचे दुर्दैव आहे.

‘स्नो व्हाइट’चे यश निर्विवाद होते. मात्र त्यानंतरच्या चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. 1940 मधील ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ तसेच 1942 मधील ‘बॅम्बी’ हे तिन्ही चित्रपट पहिल्या प्रदर्शनात आर्थिकदृष्ट्या तोट्यात गेले. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती, आणि ‘फँटेशिया’साठी लागणारी खास ध्वनियंत्रणा मोजक्या चित्रपटगृहांतच बसविता आली. त्या वर्षांत कोणी प्रेक्षकांचा कौल घेतला असता तर हे चित्रपट कोठे असते, याविषयी अंदाज करणे कठीण नाही.

त्यांना ‘अभिजात’ केले ते पुनःप्रदर्शनाने. 1944 मध्ये ‘स्नो व्हाइट’ पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि तेथून डिस्ने कंपनीची सुप्रसिद्ध रीत रूढ झाली. साधारण सात-आठ वर्षांच्या अंतराने जुना चित्रपट बाहेर काढावयाचा, नव्या पिढीतील मुलांना दाखवावयाचा आणि पुन्हा कुलूपबंद करावयाचा. ‘स्नो व्हाइट’ याप्रमाणे 1952, 1958, 1967, 1975, 1983, 1987 आणि 1993 मध्ये परत आला. ‘फँटेशिया’ला 1969 च्या पुनःप्रदर्शनात तरुण प्रेक्षकांचा असा प्रतिसाद लाभला, जो 1940 मध्ये कोणाच्या कल्पनेतही नसावा. बालपणी पाहिलेला चित्रपट आपल्या अपत्यासह पाहण्याची संधी ज्या चित्रपटाला मिळते, त्याच्याभोवती आठवणींचे एक वलय तयार होते. हे वलय व्यापारी नियोजनातून आले म्हणून खोटे ठरत नाही. परंतु मतपेटीत त्याचे वजन पडते, हे मान्य केले पाहिजे. ‘स्नो व्हाइट’ची घरी ठेवण्याजोगी व्हिडिओ कॅसेट अमेरिकेत 1994 मध्ये निघाली. म्हणजे त्यापूर्वीच्या बहुतेक चाहत्यांचे मत काही वर्षांपूर्वी एकदा-दोनदा पाहिलेल्या चित्रपटाच्या स्मृतीवर आधारलेले होते.

नियमाने ठरविलेला विजेता

1984 साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने अ‍ॅनिमेशनचाही एक आंतरराष्ट्रीय सोहळा झाला आणि त्यात सर्वकालीन श्रेष्ठ अ‍ॅनिमेशनपटासाठी जाणकारांची मते घेण्यात आली. पहिला क्रमांक मिळाला तो युरी नोर्श्तेइन यांच्या ‘कथांची कथा’ या सोव्हिएत लघुपटाला. 1979 मध्ये पूर्ण झालेल्या या सुमारे अर्ध्या तासाच्या चित्रपटात सरळ कथानक नाही. युद्धाची स्मृती, अंगाईगीतातील लांडगा, नृत्यात जोडीदार गमावणाऱ्या स्त्रिया, बर्फातील सफरचंद अशा प्रतिमांची ती एक गुंफण आहे. ज्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने त्या शहरातील क्रीडास्पर्धांवर बहिष्कार घातला होता, त्याच उन्हाळ्यात, डिस्नेच्या स्वतःच्या नगरीत, हा निकाल लागला! 2002 मध्ये झाग्रेब महोत्सवाच्या निमित्ताने झालेल्या मतदानातही हाच चित्रपट प्रथम आला. 2003 मध्ये टोकियो येथील लापुटा महोत्सवाने अ‍ॅनिमेशन कलावंतांची मते मागविली, तेव्हा नोर्श्तेइन यांचाच 1975 मधील ‘धुक्यातले साळिंदर’ पहिला आणि ‘कथांची कथा’ दुसरा ठरला.

आता याच्या शेजारी दुसरी यादी ठेवून पाहावी. अमेरिकन इतिहासकार जेरी बेक यांनी अ‍ॅनिमेशन क्षेत्रातील सुमारे एक हजार व्यावसायिकांची मते घेऊन 1994 मध्ये पन्नास श्रेष्ठ कार्टूनपटांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात चक जोन्स यांचा 1957 मधील ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ प्रथम आला, आणि पहिल्या पाचांपैकी चार चित्रपट एकट्या जोन्स यांचे निघाले. या यादीत नोर्श्तेइन नाहीत. यावरून अमेरिकन व्यावसायिकांना त्यांची कला रुचली नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो सपशेल चुकेल. बेक यांची यादी सेल्युलॉइडवर रेखाटलेल्या, अर्ध्या तासाहून लहान कार्टूनपटांची होती. अपवाद फक्त विन्सर मॅके यांच्या 1914 मधील कागदावर रेखाटलेल्या ‘गर्टी द डायनोसॉर’चा. नोर्श्तेइन कापलेल्या आकृती काचेच्या अनेक थरांवर मांडून चित्रीकरण करतात. त्यामुळे या मांडणीत त्यांना जागाच नव्हती. चेकोस्लोव्हाकियातील यिर्झी त्र्न्का यांचे बाहुलीपटही याच कारणाने बाहेर राहिले. दहा वर्षांपूर्वी ज्याला सर्वश्रेष्ठ म्हटले, तो चित्रपट दहा वर्षांनंतर उमेदवारच नव्हता. चाहत्यांच्या वादात मात्र या दोन याद्या जणू एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असल्याप्रमाणे परस्परांवर फेकल्या जातात.

बेक यांच्या यादीतील एकविसावे नाव अधिक अस्वस्थ करणारे आहे. बॉब क्लॅम्पेट यांचा 1943 मधील ‘कोल ब्लॅक अँड डे सेबेन ड्वार्फ्स’ हा ‘स्नो व्हाइट’चेच विडंबन करणारा लघुपट आहे. गती, संगीत आणि रेखाटनाच्या लवचिकतेत तो त्या काळातील उत्तम कामांपैकी एक मानला जातो. त्याचबरोबर त्यातील कृष्णवर्णीय पात्रांचे चित्रण उघडउघड अवमानकारक आहे. 1968 मध्ये ज्या अकरा कार्टूनपटांचे वितरण हक्कधारक युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने थांबविले, त्यांत त्याचा समावेश होता. सामान्य प्रेक्षकाला जो चित्रपट पंचवीस वर्षे दूरचित्रवाणीवर दिसला नाही, तो व्यावसायिकांच्या यादीत इतका वर आला, याचा अर्थ काय लावावा? एक अर्थ असा की मत देणाऱ्या वर्गाने आपल्या व्यवसायाचे कौशल्य मोजले आणि चित्रपटाचा आशय बाजूला ठेवला. आपल्या मते ही विभागणी कसबाच्या इतिहासात उपयुक्त असली तरी श्रेष्ठतेच्या निर्णयात पुरेशी नाही. ज्यांची थट्टा झाली, त्या समाजाचे मत अशा मतपेटीत किती होते, हा प्रश्न यादीच्या प्रत्येक वाचकाने विचारावयास हवा.

2008 मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने दहा चित्रपटप्रकारांतील दहा-दहा श्रेष्ठ अमेरिकन चित्रपट जाहीर केले. अ‍ॅनिमेशन विभागात ‘स्नो व्हाइट’ पहिला, ‘पिनोकिओ’ दुसरा, ‘बॅम्बी’ तिसरा, ‘द लायन किंग’ चौथा आणि ‘फँटेशिया’ पाचवा होता. पहिल्या पाचांत तोट्यात गेलेले ते तिन्ही चित्रपट आहेत, हे लक्षणीय होय. याहून मौजेची आहे ती संस्थेने केलेली व्याख्या. प्रतिमा मुख्यत्वे हाताने वा संगणकाने निर्माण केलेल्या असाव्यात आणि पात्रांना नटांनी आवाज दिलेला असावा, असे तीत म्हटले होते. ‘फँटेशिया’ हा बहुतांश शब्दहीन, संगीतावर चालणारा चित्रपट आहे. व्याख्या काटेकोरपणे लावली असती तर तो दारातच अडला असता. शिवाय अ‍ॅनिमेशन हा पाश्चात्त्य धाटणीचा चित्रपट वा रहस्यपट यांसारखा ‘प्रकार’ आहे काय? अ‍ॅनिमेशनमध्ये रहस्यपट, युद्धपट, प्रेमकथा सर्वच होऊ शकतात. ते माध्यम आहे. त्याला प्रकार म्हणून वेगळ्या दालनात बसविण्याने त्याचा सन्मान होतो तसाच त्याला मुख्य दालनाबाहेर ठेवण्याचा मार्गही सापडतो. अमेरिकन अकादमीने 2001 च्या चित्रपटांपासून अ‍ॅनिमेशनपटासाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू केले, तेव्हाही ही शंका उपस्थित झाली होती.

रसिकमताचे सामर्थ्य : जपान

आतापर्यंत पाहिलेल्या याद्या प्रामुख्याने व्यावसायिकांच्या व जाणकारांच्या होत्या. चाहत्यांच्या मताने निर्मितीवरच परिणाम घडविल्याचे उदाहरण पाहावयाचे तर जपानकडे वळावे लागते. टोकियोच्या तोकुमा शोतेन प्रकाशनाने 1978 मध्ये ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक सुरू केले आणि लवकरच त्याने वाचकांच्या मतांवर आधारित वार्षिक ‘अ‍ॅनिमे ग्रँड प्रिक्स’ची प्रथा पाडली. कलाकृती, पात्रे, गीते यांना वाचक मते देत आणि त्यांवर मासिकाच्या पानांतून चर्चा चाले. याच मासिकात 1982 पासून हायाओ मियाझाकी यांची ‘नाउसिका’ ही चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकवर्ग सिद्ध झाल्यावर 1984 मध्ये तिचा चित्रपट आला, आणि त्याच्या यशातून 1985 मध्ये स्टुडिओ घिबली उभा राहिला. मासिकाच्या संपादनात असलेले तोशियो सुझुकी पुढे घिबलीचे प्रमुख निर्माते झाले. आवड नोंदविण्याची सवय लागलेला वाचक हा येथे भांडवलाइतकाच महत्त्वाचा ठरला.

1988 मध्ये ‘माझा शेजारी तोतोरो’ हा इसाओ ताकाहाता यांच्या ‘काजव्यांचे थडगे’ या चित्रपटासोबत एकाच तिकिटात दाखविला गेला. चित्रपटगृहांत त्याला मोठे यश लाभले नाही. त्याला घरोघर नेले ते पुढील वर्षांतील दूरचित्रवाणी प्रक्षेपणांनी आणि तोतोरोच्या बाहुल्यांनी. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या दशवार्षिक कौलात 2012 पर्यंत पहिल्या शंभरांत एकही अ‍ॅनिमेशनपट नव्हता. 2022 मध्ये ‘तोतोरो’ बहात्तराव्या आणि मियाझाकी यांचाच ‘स्पिरिटेड अवे’ पंचाहत्तराव्या स्थानी, इतरांसह विभागून, दाखल झाले. दरम्यान मतदारांची संख्या 846 वरून 1639 झाली होती. घरच्या पडद्यावर हे चित्रपट पाहत मोठी झालेली समीक्षकांची पिढीही या काळात मतदानाच्या वयाला आली होती. चित्रपट तेच होते.

भारतीय संदर्भ

या सर्व याद्यांत भारताचे स्थान शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा प्रयोग केला होता. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग 1956 च्या सुमारास उभा राहिला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना शिक्षण दिले. त्या तरुणांत राम मोहन होते. पुढे राम मोहन, युगो साको आणि कोइची सासाकी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा भारत-जपान सहकार्याचा दीर्घपट 1992 मध्ये पूर्ण झाला. 1993 च्या जानेवारीत तो नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. पण त्या काळी भारतातील चित्रपटगृहांत त्याला व्यापक प्रदर्शन लाभले नाही. नव्वदच्या दशकानंतर वाढलेल्या मुलांनी तो पाहिला तो दूरचित्रवाणीवर, कार्टून नेटवर्कसारख्या वाहिनीवरील प्रक्षेपणांतून. अमेरिकन नाही म्हणून तो एका यादीबाहेर, लघुपट नाही म्हणून दुसऱ्या यादीबाहेर. जपानी शैली आणि भारतीय कथा असल्यामुळे दोन्ही देशांच्या इतिहासलेखनात तो काहीसा उपराच राहिला आहे. तरीही ज्यांनी तो बालपणी पाहिला होता, ते प्रौढपणीही त्याचे नाव घेत राहिले. 24 जानेवारी 2025 रोजी तो नव्या सुस्पष्ट प्रतीत, हिंदी, तमिळ आणि तेलुगू ध्वनिमुद्रणासह भारतीय चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्या वेळी प्रेक्षकांत असे अनेक पालक होते, ज्यांनी तो आयुष्यात प्रथमच मोठ्या पडद्यावर पाहिला.