पाना-पक्कडीविना दुरुस्ती: चांद्रगाडीची कार्यशाळा

३१ जुलै १९७१. चंद्रावरील हॅडली घळीचा परिसर. अपोलो १५ चे कमांडर डेव्हिड स्कॉट नव्याकोऱ्या रोव्हरवर बसले, त्यांनी दांडी वळवून पाहिली. मागची चाके वळली. पुढची जागची हलेनात. क्रमांक २ च्या बॅटरीचा मापकही शून्य दाखवत होता.

जवळचा मेकॅनिक पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक दूर!

मित्रहो, अपोलो म्हटले की आपण रॉकेटविषयी बोलतो. आजच्या धाग्याचा विषय वेगळा आहे. मानवाने परक्या भूमीवर चालवलेले पहिले वाहन विजेवर चालत होते. त्यातील बिघाड ओळखण्याचे शिक्षण वैमानिकांना कसे दिले गेले, ते पाहू.

आधी गाडीची रचना समजून घ्यावी लागेल, कारण शिक्षणाची सारी गुरुकिल्ली तीत आहे. मुख्य बांधणी बोईंगची; चाके, मोटारी आणि नियंत्रक जनरल मोटर्सच्या सांता बार्बरा येथील डेल्को विभागाचे. ३६ व्होल्टच्या दोन रौप्य-जस्त बॅटऱ्या, त्याही पुन्हा चार्ज न होणाऱ्या. चार चाकांना चार मोटारी, प्रत्येकी पाव अश्वशक्तीची. पुढची आणि मागची चाके वळवण्यासाठी आणखी दोन छोट्या मोटारी. दांडी किती पुढे ढकलली आहे त्यानुसार नियंत्रक विजेचे स्पंद लांब वा आखूड करी आणि मोटारीला तितकीच शक्ती मिळे. तुमच्या गल्लीतील विद्युत स्कूटरचा कंट्रोलर आजही याच तत्त्वावर चालतो.

असे स्पंद निर्माण करणारे संच दोन होते. कोणत्या चाकाने कोणत्या संचाकडून आज्ञा घ्यायची, हे समोरच्या फलकावरील कळांनी ठरे. बॅटरीकडून येणारी वाटही बदलता येई. म्हणजे कोणतीही पेटी न उघडता, केवळ कळा फिरवून, दोष नेमका कुठे दडला आहे हे हुडकता येत असे. हवेने फुगलेल्या, ताठर हातमोज्यांनी पेटी उघडणे तसेही अशक्यच होते.

परंतु सराव करायचा कशावर? खरी गाडी पृथ्वीवर जेमतेम २१० किलो भरे आणि तिचा सांगाडा चंद्राच्या एक-षष्ठांश गुरुत्वासाठी बेतलेला होता. इथे माणूस बसला असता तर ती मोडलीच असती! म्हणून सरावासाठी वेगळी, दणकट गाडी घडवली गेली. शिवाय फ्लॅगस्टाफ येथील भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मंडळींनी सुमारे २ हजार डॉलरांत 'ग्रोव्हर' नावाची आणखी एक गाडी जुळवली. (मला स्वतःला ही स्वस्तातली गाडी खऱ्या रोव्हरपेक्षा अधिक लोभस वाटते.) स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांनी न्यू मेक्सिकोतील रिओ ग्रांदेच्या दरीकाठी ती चालवली, कारण ती दरी हॅडली घळीची आठवण करून देणारी होती. चंद्रावर मनगटावरच्या छोट्या पुस्तिकेत बिघाडाच्या वेळी करायच्या कृती क्रमाने छापलेल्या असत.

या क्रमाला एवढे महत्त्व का? रोव्हर कितीही दूर जाऊ शकत असली तरी, ती बंद पडल्यास उरलेल्या प्राणवायूवर पायी यानापर्यंत परतता येईल, तितक्याच अंतरावर जाण्याची मुभा होती. गाडीवरील विश्वास किती, हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न होता.

स्कॉट यांनी ह्यूस्टनशी बोलत कळा तपासल्या, वीज येण्याची वाट बदलून पाहिली. पुढची चाके तरीही वळेनात. तेव्हा केवळ मागच्या चाकांच्या वळणावर पहिली फेरी पार पडली. दुसऱ्या दिवशी तीच कळ दाबली आणि पुढची चाके निमूट वळली! रात्रीत मार्शल केंद्राची माणसे येऊन दुरुस्ती करून गेली असावीत, असा विनोद स्कॉट यांनी केला. येणारा-जाणारा बिघाड किती छळतो, हे कोणत्याही वायरमनला विचारा.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक यांच्या वाट्याला याच्या उलट अनुभव आला. आरंभी मागची चाके वळेनात, थोड्या वेळाने आपसूक वळू लागली. दुसऱ्या फेरीत मागच्या चाकांची शक्तीच गेली. शोध घेता आढळले, की मोटारी धडधाकट होत्या. फलकावरील कळांच्या जोड्याच परस्परांशी जुळत नव्हत्या. त्या नीट लावल्या आणि गाडी पूर्ववत झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपोलो १७ च्या यूजीन सर्नन यांच्या हातोडीने मागचे मडगार्ड तुटले. वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट. पण उडालेली धूळ बॅटऱ्यांच्या आवरणावर बसली की उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. आता यंग ह्यूस्टनमध्ये होते. पृथ्वीवर त्यांनी रात्रीत उपाय आजमावला, सकाळी तो रेडिओवरून सांगितला. चार नकाशे चिकटपट्टीने जोडून, दिव्याच्या चिमट्यांनी गाडीला अडकवले गेले.

तिन्ही रोव्हर चंद्रावरच राहिल्या. नकाशांचे ते मडगार्ड मात्र सर्नन यांनी परत आणले. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे.