दंडभाडे व त्याविरुद्धचे अपील

सार्वजनिक वाहनातून वैध तिकीट अथवा पास जवळ नसताना प्रवास करणाऱ्या व्यक्तीकडून नेहमीच्या भाड्याखेरीज जी ठराविक वाढीव रक्कम वसूल करण्यात येते, तिला दंडभाडे म्हणतात. नावात दंड हा शब्द असला, तरी न्यायालयाने अपराधाबद्दल ठोठावलेल्या दंडाहून ते वेगळे आहे. अपराधाच्या दंडासाठी प्रवाशाचा भाडे चुकविण्याचा उद्देश सिद्ध करावा लागतो. दंडभाड्यास अशा सिद्धतेची आवश्यकता नसते. तिकीट नाही एवढी वस्तुस्थिती त्यास पुरते. साहजिकच तिकीटतपासनीस हाच फिर्यादी आणि तोच निवाडा देणारा, अशी स्थिती निर्माण होते. या स्थितीवरील उतारा म्हणून दंडभाड्याविरुद्ध अपिलाची तरतूद काही देशांत करण्यात आली. तिचा सर्वांत सविस्तर विकास ब्रिटनमध्ये झाला.

पूर्वेतिहास : रेल्वेच्या आरंभकाळी घोडागाड्यांच्या प्रथेप्रमाणे प्रवाशाला हाताने लिहिलेली चिठ्ठी देत. न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवरील मिल्टन येथील स्थानकप्रमुख टॉमस एडमंडसन याने १८३० नंतरच्या दशकात अनुक्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटे व त्यांवर तारीख उमटविणारे यंत्र प्रचारात आणले. यामुळे विकलेल्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब ठेवणे शक्य झाले आणि तिकीट हा भाडे भरल्याचा एकमेव पुरावा ठरला. पुरावा एकच असला, म्हणजे तो हरवल्याचे परिणामही तितकेच कठोर होतात. तिकिटासंबंधीच्या पुढील सर्व वादांचे मूळ येथे आहे.

१८४५ च्या ब्रिटिश रेल्वे कलमे एकत्रीकरण अधिनियमाने भाडे चुकविण्याच्या उद्देशाने प्रवास करणाऱ्यास ४० शिलिंगांपर्यंत दंड ठरविला. त्यानंतरचा महत्त्वाचा कायदा म्हणजे १८८९ चा रेल्वे विनियमन अधिनियम. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीला अपघात होऊन सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या या अधिनियमाचा मुख्य हेतू प्रवासी गाड्यांना सलग ब्रेक व सुरक्षित सिग्नलपद्धती सक्तीची करणे हा होता. त्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमाने प्रवाशावर तीनपैकी एक गोष्ट करण्याचे बंधन घातले : तिकीट दाखविणे, भाडे भरणे किंवा आपले नाव व पत्ता देणे. भाडे चुकविण्याचा उद्देश असल्यास तो अपराध ठरला. हे कलम एकविसाव्या शतकातही लागू राहिले व त्याचा अर्थ न्यायालयांनी व्यापक केला. कमी अंतराचे तिकीट घेऊन पुढे गेलेल्या प्रवाशाने उतरल्यावर नाव-पत्ता देऊन उरलेले भाडे मागाहून देण्याची तयारी दाखविली, तरी त्या वेळी भाडे न देण्याचा उद्देश पुरेसा आहे. ते कायमचे बुडविण्याचा उद्देश असलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय १९७८ मध्ये देण्यात आला.

दंडभाड्याचा उदय : जोवर प्रत्येक स्थानकाच्या फाटकावर तिकीट गोळा करणारा कर्मचारी उभा असे, तोवर फौजदारी कायदा पुरेसा वाटत होता. खर्च कमी करण्यासाठी ब्रिटिश रेल्वेने १९८० नंतरच्या दशकात अनेक स्थानकांवरील फाटके काढून ती खुली केली आणि तपासणी चालत्या गाडीत होऊ लागली. विनातिकीट प्रवास त्यामुळे सोपा झाला. प्रत्येक प्रकरण न्यायालयात नेणे मात्र अवघड व खर्चाचे होते. यावर उपाय म्हणून १९८९ मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी व १९९२ मध्ये लंडनच्या प्रादेशिक परिवहनासाठी दंडभाड्याचे स्वतंत्र अधिनियम संमत झाले. १९९३ च्या रेल्वे अधिनियमाने खासगीकरणाचा मार्ग मोकळा केला. त्या अधिनियमाखाली १९९४ मध्ये करण्यात आलेल्या विनियमांनी खासगी कंपन्यांनाही दंडभाडे आकारण्याचा अधिकार मिळाला. त्या वेळी दंडभाडे १० पौंड किंवा एकेरी भाड्याच्या दुप्पट, यांपैकी जे अधिक असेल तेवढे होते. २००५ मध्ये १० पौंडांऐवजी २० पौंड करण्यात आले.

या अधिकारावर आरंभापासून काही मर्यादा होत्या. दंडभाड्याची योजना लागू असल्याची सूचना स्थानकावर ठळकपणे लावलेली असली पाहिजे; प्रवाशाला तेथे तिकीट घेण्याची सोय उपलब्ध असली पाहिजे; कर्मचाऱ्याने तिकिटाशिवाय गाडीत बसण्यास परवानगी दिली असल्यास दंडभाडे घेता येत नाही. तिकीटखिडकी बंद असलेल्या अनेक स्थानकांवर प्रवासाचा परवाना देणारी यंत्रे बसविण्यात आली. प्रवाशाने त्यांत जवळची नाणी टाकून चिठ्ठी घ्यावयाची व ती रक्कम पुढे भाड्यातून वजा करून घ्यावयाची, अशी ही पद्धत होती. प्रवाशाची पैसे देण्याची इच्छा होती, याचा पुरावा त्या चिठ्ठीने मिळे.

अपिलाची पद्धत : दंडभाड्याविरुद्धची अपिले ऐकण्यासाठी ज्या संस्था प्रथम अस्तित्वात आल्या, त्यांचा रेल्वे कंपन्यांशी निकटचा संबंध होता; त्यांपैकी एक तर एका कंपनीच्याच मालकीची होती. आपल्या आकारणीचा निवाडा आपल्याच संस्थेकडे ठेवण्याच्या या व्यवस्थेवर सातत्याने टीका झाली. प्रवाशांच्या हितासाठी स्थापन झालेल्या वैधानिक संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तिकीट विसरणे किंवा चुकीच्या गाडीत बसणे यांसारख्या निष्पाप चुका व हेतुपुरस्सर फसवणूक यांना एकाच मापाने मोजले जाते, असे निदर्शनास आणले.

६ एप्रिल २०१८ रोजी अंमलात आलेल्या दंडभाडेविषयक विनियमांनी ही व्यवस्था बदलली. अपील ऐकणारी संस्था रेल्वे कंपन्यांपासून स्वतंत्र असणे सक्तीचे झाले आणि अपिलाच्या तीन पायऱ्या ठरविण्यात आल्या. पहिले अपील २१ दिवसांच्या आत करावयाचे असते. ते फेटाळले गेल्यास १४ दिवसांत दुसरे व तेही फेटाळल्यास पुन्हा १४ दिवसांत तिसरे अपील करता येते. तिसरे अपील पूर्वीच्या निर्णयाशी संबंध नसलेल्या तीन सदस्यांच्या मंडळापुढे जाते. निर्णय होईपर्यंत रक्कम भरण्याची मुदत थांबून राहते. अपील लेखी असते. वकिलाची गरज नसते. दंडभाडे भरलेले असल्यास किंवा अपील मान्य झाल्यास त्याच कृत्याबद्दल प्रवाशावर फौजदारी खटला भरता येत नाही.

अपिलाला तीन प्रकारची कारणे मान्य आहेत. पहिले, आकारणी विनियमांना सोडून झाली; उदा., सूचनाफलक नव्हता किंवा तिकीटयंत्र बंद होते. दुसरे, ज्याच्यावर आकारणी झाली तो प्रवासी ती देण्यास पात्र नव्हता. तिसरे, त्या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीत रक्कम न घेण्यास सबळ कारण आहे. पहिली दोन कारणे नियमांची आहेत, तर तिसरे न्यायबुद्धीचे. आजारपण, गोंधळात टाकणारी तिकीटरचना किंवा फोनची बॅटरी संपल्यामुळे दाखविता न आलेले वैध तिकीट, अशा गोष्टी मांडण्यास या कारणामुळे प्रथमच निश्चित जागा मिळाली. अर्थात त्या प्रत्येक वेळी मान्य होतातच असे नाही.

अलीकडील घडामोडी : २३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये रेल्वेचे दंडभाडे २० पौंडांवरून १०० पौंड व त्याशिवाय एकेरी भाडे असे करण्यात आले, २१ दिवसांत भरल्यास १०० ऐवजी ५० पौंड घेतात. लंडनच्या शहर परिवहनाचे दंडभाडेही मार्च २०२४ मध्ये ८० वरून १०० पौंड झाले. लवकर भरणाऱ्यास अर्धी सूट दिल्यामुळे वसुली सोपी होते. परंतु अपील हरल्यास अधिक रक्कम द्यावी लागेल की काय, या शंकेने प्रवासी वाद न घालता पैसे भरण्याकडे झुकतो. मुदत थांबविण्याच्या तरतुदीचे महत्त्व यातून लक्षात येते.

दंडभाड्याऐवजी थेट खटला भरण्याचा मार्ग कंपन्यांना खुला राहिला व त्यातून मोठा पेच उद्भवला. किरकोळ अपराधांची प्रकरणे एकाच न्यायाधीशाने खुली सुनावणी न घेता केवळ कागदपत्रांवरून निकालात काढावीत, अशी पद्धत इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ मध्ये सुरू झाली. अनेक रेल्वे कंपन्यांनी १८८९ च्या अधिनियमाखालील खटलेही या पद्धतीने चालविले. कायद्याने मात्र त्यांना तशी मुभा दिलेली नव्हती. १५ ऑगस्ट २०२४ रोजी मुख्य दंडाधिकारी पॉल गोल्डस्प्रिंग यांनी सहा नमुना प्रकरणांतील कार्यवाही मुळातच निरर्थक ठरविली. अशा प्रकारच्या खटल्यांची संख्या सुमारे ७४,००० असल्याचे सांगण्यात आले. त्याच वर्षी सवलतपत्राच्या वेळेविषयीची अट न समजल्याने १ पौंड ९० पेन्स कमी भरलेल्या एका तरुण प्रवाशाला खटल्याची धमकी मिळाल्याचे प्रकरण गाजले व कंपनीला माघार घ्यावी लागली. यानंतर शासनाने रेल्वे नियामक कार्यालयाकडे चौकशी सोपविली. जून २०२५ मधील तिच्या अहवालात, सारख्याच चुकीसाठी वेगवेगळ्या कंपन्या प्रवाशांना वेगवेगळी वागणूक देतात, असे आढळून आले आणि वागणुकीत एकसूत्रता आणण्याची शिफारस करण्यात आली. दंडभाड्यावर अपील आहे. परंतु दंडभाडे घ्यावयाचे की खटला भरावयाचा, या प्राथमिक निवडीवर ते नाही, ही या पद्धतीतील उणीव या घटनांनी स्पष्ट केली.

जर्मनी : जर्मनीत वाढीव वाहतूकभाडे या नावाने अशी रक्कम घेतली जाते. २०१५ मध्ये ती ४० वरून ६० यूरोंपर्यंत वाढविण्यात आली. स्वतःच्या नावाचा पास असून तो केवळ घरी विसरला असल्यास एका आठवड्यात तो दाखवावा व ७ यूरो भरावेत, अशी सोय तेथे आहे. निष्पाप विस्मरणाचे निराकरण येथे अपिलावर न सोपविता नियमातच करण्यात आले आहे. मात्र भाडे चुकविणे हा दंडसंहितेखालील अपराधही आहे. संबंधित कलम १९३५ मधील असून, त्याखालील दंड भरता न आल्याने तुरुंगात जाणाऱ्या गरीब व्यक्तींमुळे ते रद्द करण्याची मागणी होत आली आहे.

भारत : भारतात दंडभाड्याची कल्पना ब्रिटनपेक्षा जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाने ११२ व्या कलमात लबाडीने केलेला विनातिकीट प्रवास हा अपराध ठरविला व ११३ व्या कलमात उद्देशाचा प्रश्न न काढता भाड्याशिवाय जादा आकार घेण्याची तरतूद केली. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील १३७ व १३८ या कलमांत हाच भेद कायम राहिला. पहिल्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. दुसऱ्याखाली भाड्याइतका जादा आकार ठरला व त्याची किमान मर्यादा ५० रुपयांवरून २००३ च्या दुरुस्तीने २५० रुपये झाली. प्रवासी कोठून बसला याविषयी शंका असल्यास गाडी जेथून सुटली तेथपासूनचे, किंवा वाटेत तिकिटे तपासली गेली असल्यास शेवटच्या तपासणीपासूनचे भाडे धरले जाते. रेल्वे कर्मचाऱ्याने प्रवासास परवानगी दिल्याचे प्रमाणपत्र जवळ असल्यास जादा आकार लागत नाही. एकट्या स्त्रीला किंवा बालकाला विनातिकीट असल्याच्या कारणावरून गाडीतून उतरवावयाचे झाल्यास ते केवळ दिवसा आणि प्रवासाचा आरंभ, जंक्शन, अंतिम स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण येथेच करता येते, ही तरतूद मानवी दृष्टीने उल्लेखनीय आहे.

जादा आकाराविरुद्ध स्वतंत्र अपील मंडळ मात्र या अधिनियमाने निर्माण केले नाही. पैसे देण्यास नकार दिल्यास अथवा ते देता न आल्यास रेल्वेचा अधिकारी दंडाधिकाऱ्याकडे वसुलीसाठी अर्ज करू शकतो आणि वसुली न झाल्यास दहा दिवस ते एक महिना कैद होऊ शकते. प्रकरण न्यायासनापुढे जाते ते पैसे न देणाऱ्याचे. ज्याने तक्रार असूनही तपासनिसाच्या हाती पैसे ठेवून पावती घेतली, त्याचे नव्हे. त्याला रेल्वे प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो किंवा सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जावे लागते. यासाठी पावती, मूळ तिकीट किंवा पास यांचा तपशील, गाडी व डबा यांचे क्रमांक आणि तपासणीची वेळ ही माहिती निर्णायक ठरते. दंडभाडे ही कल्पना भारताने आधी स्वीकारली. तिच्यासोबत अपिलाचे यंत्र उभे करण्याचे काम मात्र ब्रिटनमध्ये प्रथम झाले, आणि तेथेही ते कंपन्यांपासून पूर्णतः स्वतंत्र होण्यास पहिल्या अधिनियमानंतर २९ वर्षे लागली.