नक्कल की प्रतिमा?

गोल्फ मी कधी खेळले नाही. तरी ‘रेडॅन’ या एका शब्दाच्या मागे लागून मी या खेळाच्या इतिहासात शिरले.

रेडॅन म्हणजे तटबंदीचा पुढे आलेला कोन. १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या रेडॅनवर ब्रिटिश फौजेने दोनदा हल्ला केला आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. पुढे स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या पंधराव्या होलला हे नाव पडलं. खेळाला लढाईचं नाव आपल्या कानाला खटकतंच, पण जागा तशीच आहे. समोर वाळूचा खोल खड्डा, त्यामागे तिरकं ग्रीन, तेही खेळणाऱ्यापासून दूर उतरत गेलेलं. थेट चाल केली की फसलात. चेंडू उजव्या अंगाला टाकायचा आणि उताराला तो आत नेऊ द्यायचा.

हे अमेरिकेत नेलं चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनल्डने. १८७२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो सेंट अँड्र्यूजला आजोबांकडे शिकायला गेला आणि खेळाचं वेड घेऊन परतला. अमेरिकेतली मैदानं त्याला पसंतच पडेनात. मग सत्तर जणांकडून प्रत्येकी हजार डॉलर घेतले, ब्रिटनला जाऊन उत्तम होल्सचे नकाशे आणले आणि लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स उभारलं. तिथे रेडॅन आहे, प्रेस्टविकचं ‘आल्प्स’ आहे, सेंट अँड्र्यूजचं ‘ईडन’ही.

मग ही चोरीच की! मलाही आधी तसंच वाटलं. पण श्रवणबेळगोळच्या बाहुबलींनंतर १४३२ मध्ये कारकळला आणि १६०४ मध्ये वेणूरला मूर्ती उभ्या राहिल्या, त्यांना आपण नक्कल म्हणतो का? आपण तिथेही हात जोडतोच ना!

आणि मॅक्डोनल्डने आंधळेपणाने उतरवलं नाही. सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलला रेल्वेच्या शेडवरून चेंडू मारावा लागे. लाँग आयलंडवर शेड कुठली आणायची? त्याने तिथे वाळूचा पट्टा ठेवला, धास्ती तीच. नॉर्थ बेरिकला ग्रीन धड दिसत नाही, त्याने ते डोळ्यांसमोर आणलं. मला तरी यात त्याची खरी समज दिसते.

जमीन मोजायला त्याने गावातला इंजिनिअर सेथ रेनर नेमला. या रेनरला गोल्फ येतच नव्हतं! पण उतार आणि उंची त्याला वाचता येत होती. १९२६ मध्ये वारेपर्यंत त्याने कितीतरी मैदानं बांधली आणि जागा मिळेल तिथे रेडॅन बसवला. त्याच्यामागे ते काम चार्ल्स बँक्सने चालवलं. तो मुळात शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर.