रुपयामागे सहा पै

मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला आणि १९५० पासून अमलात आला. त्यातील बहुतेक कलमे कोणत्याही प्रशासकीय कायद्यात असावीत तशी नीरस आहेत. समित्या कशा नेमाव्यात, संचालकाचे अधिकार कोणते, हिशेब कोणी तपासावेत, यांचा तो तपशील होय. मात्र एक तरतूद अशी आहे की तिच्यासाठी या देशातील काही माणसांना जवळजवळ दोन दशके वाट पाहावी लागली. मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागे सहा पै ग्रंथालय-उपकर म्हणून वसूल करावा, अशी ती तरतूद. सहा पै म्हणजे अर्धा आणा, बोलीतला ढब्बू पैसा. वर्षाकाठी दहा रुपये घरपट्टी भरणाऱ्याच्या वाट्याला पाच आणे येत. मद्रास शहर वगळता अन्यत्र जितका उपकर जमेल त्याहून कमी नाही इतकी रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, हेही कायद्यानेच बांधून दिले होते.

रक्कम क्षुल्लक होती, पण तिने ग्रंथालय आणि वाचक यांच्यातील नाते पालटले. तोवर भारतातील ग्रंथालय ही दानाची किंवा वर्गणीची वस्तू होती. महाराष्ट्रात रत्नागिरीचे १८२८ चे वाचनालय, पुण्याचे १८४८ चे नेटिव्ह जनरल लायब्ररी, ठाण्याचे १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे मराठी ग्रंथसंग्रहालय या संस्था लोकांनी उभारल्या, हौसेने आणि पदरमोड करून चालवल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु वर्गणी भरणारा तो सभासद आणि न भरणारा तो बाहेरचा, ही रेघ अशा संस्थांत अटळ असते. दालनात दात्याची तसबीर असते आणि तिच्याखाली बसून वाचणारा नकळत उपकृत होतो. ग्रंथालयावर त्याचा हक्क आहे, असे कोणी म्हटलेले नसते.

हक्काच्या दिशेने पहिले मोठे पाऊल एका राजाने टाकले, हा इतिहासातील एक गमतीचा योग. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील विनामूल्य ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, पेट्यांतून हिंडणारी फिरती ग्रंथालये असे जाळे या काळात विणले गेले. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पैशाची व्यवस्था तिहेरी होती: एक तृतीयांश गावकऱ्यांनी, एक तृतीयांश पंचायतीने व एक तृतीयांश दरबारने द्यावा. योजना उदार होती आणि हिशेबीही. तरी तिचा पाया राजाज्ञेचा होता. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ग्रंथालयांचे हे जाळे ज्याच्या आधाराने टिकावे असा कायदा मागे नव्हता. त्याच वर्षी विलीन झालेल्या कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता; तो देशातील पहिला मानला जातो.

आंध्रात ही चळवळ खालून वर आली. अय्यंकी वेंकटरमणय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये बेजवाड्यास ग्रंथालयांची परिषद भरवून आंध्रदेश ग्रंथालय संघ स्थापला. १४ नोव्हेंबर १९१९ रोजी मद्रासला अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद झाली. तिचे अध्यक्षपद बडोद्याचे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे होते. आजही ग्रंथालय सप्ताह याच दिवशी सुरू होतो, पण त्या दिवशी भाषणे करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या मराठी माणसाचे नाव ठाऊक असते. १९३५ मध्ये पातूरी नागभूषणम् यांनी कृष्णेच्या खोऱ्यातील कालव्यांवर नावेतून पुस्तके नेली. तमिळ मुलखात मन्नारगुडीच्या परिसरात १९३१ मध्ये बैलगाडीतले ग्रंथालय सुरू झाले होते. नाव आणि बैलगाडी यांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. परंतु नावाड्याची मजुरी आणि बैलांची वैरण पुढल्या वर्षी कोण देणार, या प्रश्नाला त्या कथांत उत्तर नाही.

हा प्रश्न ज्याने धसास लावला तो माणूस मुळात गणिताचा अध्यापक होता. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथील नगरग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. त्यांच्यामागे १८५० चा कायदा उभा होता. त्या कायद्याचा आरंभही मोठा चमत्कारिक होता: पौंडामागे अर्ध्या पेनीचा कर इमारतीसाठी आणि नोकरांसाठी घ्यावा, मात्र त्यातून पुस्तके घेऊ नयेत, असे पार्लमेंटने ठरवले होते. पुस्तके कोणीतरी दान देईलच, ही समजूत. १८५५ मध्ये कर एक पेनी झाला आणि ही अट गळली. ‘ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे’ हे रंगनाथन यांचे १९३१ चे पुस्तक विद्यार्थी पाठ करतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे सूत्र परीक्षेत हमखास विचारले जाते. पण ‘प्रत्येक’ हा शब्द उच्चारताच द्रव्याचा प्रश्न उभा राहतो, हे त्या सूत्राच्या कर्त्याने पक्के ओळखले होते. सूत्रकार रंगनाथन आणि करासाठी झगडणारे रंगनाथन हे दोघे वेगळे नाहीत.

१९३० च्या डिसेंबरात बनारसला आशियाई शिक्षण परिषद भरली. तिच्यासमोर रंगनाथन यांनी ग्रंथालय कायद्याचा आदर्श मसुदा ठेवला. त्या आधारे बंगालमध्ये मुनींद्र देव राय यांनी १९३२ च्या सुमारास प्रयत्न केला, तर मद्रासमध्ये बशीर अहमद सईद यांनी १९३३ मध्ये विधेयक मांडले. सक्तीच्या कराची तरतूद ही बंगालच्या विधेयकाच्या वाटेतली मोठी अडचण ठरली. मद्रासचे विधेयकही कायदा होऊ शकले नाही. १९४६ नंतर टी. एस. अविनाशिलिंगम् चेट्टियार मद्रासचे शिक्षणमंत्री झाले, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला.

पुढील मजल एकसारखी झाली नाही. हैदराबाद १९५५, आंध्र प्रदेश १९६०, कर्नाटक (तेव्हाचे म्हैसूर) १९६५ असे कायदे होत गेले आणि त्यांत उपकर आला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यात उपकर नाही. सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये घालावेत, असे त्यात म्हटले आणि लोकसंस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीने महाराष्ट्रात ग्रंथालये खेडोपाडी पोहोचली आणि ती लोकांच्या हाती राहिली, हे तिचे यश नाकारता येणार नाही. पण जुनी वर्गणी आणि जुना उपकृतपणाही तिने जपला. अनुदान वाढवावे, ते वेळेवर मिळावे, सेवकांना वेतनश्रेणी लावावी या मागण्यांसाठी महाराष्ट्रातील ग्रंथालयसेवक पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढत आले. पत्की समितीच्या शिफारशींचा उल्लेख त्यांच्या निवेदनांत वर्षानुवर्षे येत राहिला. गोव्याने १९९३ च्या कायद्यात उपकर ठेवला तो विदेशी पद्धतीच्या मद्यावर व बिअरवर. वाचणाऱ्याचा भार पिणाऱ्याने वाहावा, ही कल्पना विनोदी वाटते. तथापि ज्या राज्यांत काहीच नाही त्यांनी हसण्याचे कारण नाही.

उपकर असला म्हणजे सारे मिटले, असेही नव्हे. तो घरपट्टीबरोबर महापालिका व नगरपालिका गोळा करतात आणि त्यांनी तो ग्रंथालय खात्याकडे वळता करावयाचा असतो. तेथेच पाणी मुरते. बंगळूर शहरात या उपकराच्या थकबाकीचे आकडे कोट्यवधींत गेले आणि वृत्तपत्रांत वारंवार येत राहिले. नागरिकाने पुस्तकांसाठी दिलेला पैसा इतरत्र अडकून पडला. पण येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. अनुदान तुटपुंजे पडले तर विनंती करता येते. उपकर अडला तर त्याला थकबाकी म्हणतात, आणि थकबाकी मागता येते.

तमिळनाडूत सहा पैंचा दर वाढत वाढत पुढे रुपयास दहा पैशांवर गेला. याच राज्यात सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईच्या कोट्टूरपुरम् भागात अण्णा शताब्दी ग्रंथालय उघडले. बारा लाख ग्रंथ मावतील अशी ती बहुमजली वास्तू. २०११ मध्ये सत्तांतर झाले आणि नोव्हेंबरात नव्या सरकारने जाहीर केले की ग्रंथालय अन्यत्र हलवून या इमारतीत मुलांचे रुग्णालय करण्यात येईल. रुग्णालयाला विरोध करणे कोणालाही जड जाते. आजारी मुलासमोर पुस्तकाची बाजू मांडणारा निष्ठुर ठरण्याचीच शक्यता अधिक. तरीही लेखक, विद्यार्थी, वकील आणि साधे वाचक उभे राहिले. याचिका दाखल झाल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थलांतराला स्थगिती दिली. इमारत ग्रंथालयच राहिली. पुढील काही वर्षांत तेथील देखभाल, नवी पुस्तके व रिकाम्या जागा यांविषयीचे अर्ज घेऊन वाचक पुन्हा त्याच न्यायालयात गेले.